कंसात गेलेला नवरा

आमच्या आणि शेजारच्या मावशींच्या वाडीमध्ये एक वई आहे. शेराची आहे, मधूनमधून पांगारा लावलेला. दोन पावसाळ्यांपूर्वी त्यातला एक पांगारा वाळून आडवा झाला आणि हातभर फट पडली. ती बुजवायची असं आम्ही दोघी दर मिरगाला ठरवतो आणि दर मिरगाला विसरतो. तिच्यातून अळूची पानं जातात, ताटलीखाली झाकलेलं काहीबाही येतं, वर्तमानपत्र जातं ते घडी मोडून परत येतं. आणि बातम्या जातात. फट बुजवली तर एवढी सगळी वाहतूक वळवायची कुठून?

पापडीचं असं आहे, की पुढच्या दाराने बाहेर पडलात तर रिक्षा, बाजार, मोबाइलची दुकानं आणि सात मजली इमारती. मागच्या दाराने बाहेर पडलात तर विहीर, केळी, मोगऱ्याचे वाफे आणि मावशी. मी बहुतेक वेळा मागच्या दाराने पडते.

त्या दिवशी सकाळी आठच्या सुमाराला मी कपडे वाळत घालत होते. मोगरा पहाटेच खुडून, गठडी बांधून लोकलने दादरच्या फूलबाजारात गेला होता, त्यामुळे मावशींचे हात मोकळे होते. हात मोकळे झाले की त्यांचं तोंड मोकळं होतं.

"बाय, काल चिंचेखालच्या घरी काय शिजलं, कळलं का?"

"वास आला. बदक."

"वास सगळ्या आळीला आला. मी विचारते, शिजलं काय?"

चिंचेखालच्या घरचे म्हातारे मे महिन्यात गेले. मागे एक मुलगा, चार मुली. मुली विरारला, वांद्र्याला, एक थेट पुण्याला. रविवारी मिस्सा आटोपून चारही जणींना भावाने जेवायला बोलावलं होतं. बदकाचं कालवण, फुगे, वर शेवया. जेवणं झाली, बडीशेप फिरली आणि बडीशेपेच्या मागोमाग एक निळी फाइल फिरली.

"टेबलावरच्या मेणकापडाखाली ठेवली होती म्हणे," मावशी म्हणाल्या. "ताटं उचलली तशी वर आली. हक्कसोड. चौघींच्या नावासमोर पेन्सिलीने फुली मारून ठेवलेली, सही कुठे करायची ती चुकायला नको म्हणून. आणि चार साड्या, चार पिशव्यांत."

"केल्या सह्या?"

"तिघींनी केल्या. धाकटी म्हणाली, मी चष्मा आणला नाही."

"तिला चष्मा कुठे आहे?"

"तेच तर!" मावशी इतक्या हसल्या की पांगाऱ्यावरचा कावळा उडाला. "घरात कुणालाच आठवेना, हिला चष्मा आहे की नाही. भाऊ म्हणे, मी वाचून दाखवतो. ती म्हणे, नको, तुझं वाचून झालंय, आता मी घरी नेऊन वाचते. आणि फाइल घेऊन रिक्षात बसली. साडी मात्र ठेवून गेली."

एवढ्यावर एरवी आमचा विषय संपला असता आणि आम्ही नगरपालिकेच्या पाण्याकडे वळलो असतो. (ती 2009 सालीच महानगरपालिका झाली, पण पाणी अजून नगरपालिकेचंच येतं.) पण मावशी तिथेच घुटमळल्या. वईतलं एक पान तोडलं, चोळलं, टाकलं.

"तुझ्या फोनवर सातबारा दिसतो ना गो?"

"दिसतो. कुणाचा बघायचाय?"

"चिंचेखालच्यांचा," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, "नाहीतर असं कर. आमचाच बघ आधी. सवय म्हणून."

गट नंबर त्यांना तोंडपाठ होता. मी उतारा उघडला आणि वाचायला लागले. गाव, तालुका वसई, जिल्हा पालघर. हा जिल्हा 1 ऑगस्ट 2014 रोजी ठाण्यातून वेगळा निघाला, पण मावशी अजून "ठाणा जिल्हा" म्हणतात, मी दुरुस्त करत नाही. क्षेत्र सत्तावीस गुंठे. खातेदार समाईक. तीन भावांची नावं. त्यात पहिलं मावशींच्या नवऱ्याचं.

"अजून आहे?" मावशी चमकल्या. "चार वर्षं झाली जाऊन."

"आहे. कंसात नाही गेले."

"म्हणजे?"

मी सांगितलं. सातबाऱ्यावर माणूस मरत नाही, तो कंसात जातो. वारस नोंदीचा फेरफार मंजूर झाला, की मेलेल्याच्या नावाला कंस पडतो आणि खाली वारसांची नावं चढतात. तुम्ही स्मशानात कितीही रडा, तलाठ्याच्या दप्तरात त्याला कंस पडत नाही तोवर तो शेती करतोय.

"येशू मारिया," मावशी म्हणाल्या. "म्हणजे माझा नवरा अजून वाडीला पाणी घालतोय. जिवंत होता तेव्हा तर कधी घातलं नाही."

"आणि माझं नाव?" त्यांनी विचारलं. "बघ ना नीट. खाली असेल."

मी खाली बघितलं. खाली 'इतर अधिकार' नावाचा रकाना होता. सातबारा वाचायची सवय असलेल्या माणसाला या रकान्याची जुनी खोड ठाऊक असते: मुलगे वर, खातेदारात, विधवा आणि बहिणी खाली, इतर अधिकारात, सोसायटीच्या बोज्याच्या आणि विहिरीच्या हिश्श्याच्या शेजारी. महाराष्ट्रभर हजारो बाया अशा बोज्याच्या शेजारी बसलेल्या आहेत. मावशी तिथेही नव्हत्या.

"शेहेचाळीस वर्षं," मावशी म्हणाल्या. पुढचं वाक्य त्यांनी केलं नाही.

मला काही सुचेना, म्हणून मी विषय बदलला. कठीण वेळी लांबच्या गावाची गोष्ट काढावी हे मी आईकडून शिकले.

माझी भाची जमिनीच्या कागदांवर अभ्यास करते. मागच्या वर्षी ती दोन महिने आचेत होती. आचे म्हणजे सुमात्रा बेटाचं उत्तर टोक, इंडोनेशियात. आपल्या निकोबारच्या शेवटच्या टोकापासून दोनशे किलोमीटरच्या आत. तिथली खेडी भातशेतीची. खेड्याला गाम्पोंग म्हणतात. घरं खांबांवर उचललेली, खाली कोंबड्या आणि लाकडं, भोवती नारळ-सुपारी. फोटो बघितला तर आपल्याच निर्मळ-भुईगावच्या बाजूला कुणीतरी घराला पाय लावलेत असं वाटेल.

"मग?" मावशींनी विचारलं. झाडं ऐकून त्यांचं समाधान होत नाही.

"तिथे घर बायकोचं असतं."

"कुठल्या बायकोचं?"

"सगळ्याच. मुलीचं लग्न झालं की ती सासरी जात नाही, जावई येतो. काही काळाने आईबाप मुलीचा संसार वेगळा करून देतात, तेव्हा घर, आणि ऐपत असेल तर भाताचं खाचर, तिला देऊन टाकतात. ते तिचं. दुसरीची वेळ आली की तिच्यासाठी त्याच आवारात दुसरं घर. त्यामुळे एका आवारात सगळ्या बहिणी बहिणी."

"आणि मुलगे?"

"पूर्वी वयात यायच्या आधीच रात्री झोपायला गावच्या प्रार्थनाघरात जायचे. मोठे झाले की मिरीच्या मळ्यांवर, नाहीतर व्यापाराला, गाव सोडून जायचे. लग्न झालं की बायकोच्या घरी पाहुण्यासारखे यायचे. काडीमोड झाला तर घरातून नवरा निघतो, पिशवी घेऊन."

मावशी थोडा वेळ नुसत्या बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मुसलमान ना ते?"

"हो, अगदी कट्टर. तिथे शरियतचा कायदा आहे. वारसा धर्माप्रमाणे, मुलाला दोन वाटे तर मुलीला एक. पण घर आईबाप जिवंतपणीच मुलीला देऊन मोकळे होतात. मेल्यावर वाटायला ते शिल्लकच राहत नाही. धर्मही मोडला नाही, मुलगीही उघड्यावर पडली नाही."

"शहाणे आहेत."

"आणि ऐका. त्यांच्या भाषेत बायकोला म्हणतात 'पो रुमोह'. म्हणजे घराची मालकीण."

आता मावशींच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. कारण आमच्या आळीत कुणाच्याही दारावर जाऊन हाक मारा, आतून बाई काय म्हणते? "मालक घरात नाहीत." आमच्या सासवा नवऱ्याला मालक म्हणत आल्या, आम्ही गंमत म्हणून म्हणतो, पण म्हणतो. शब्द साधाच आहे. सातबाऱ्याने तो मनावर घेतला, एवढंच.

"भांडणं नसतील तिथे," मावशी म्हणाल्या.

"भरपूर आहेत. भाऊ-बहीण खाचरावरून कोर्टात जातात. पैसा लागला की जमीन गहाण टाकतात. सोनं उसनं घ्यायचं आणि ते फिटेपर्यंत समोरच्याने ती जमीन कसायची."

"म्हणजे ताबेगहाण."

"अगदी तेच. ते 'गाला' म्हणतात."

"नाव काहीही ठेवा, सोनं फिटत नाही," मावशींनी निकाल दिला. त्यांच्या आजोबांचं अर्धं खाचर असंच गेलं होतं.

"पण खरी गोष्ट पुढे आहे," मी म्हटलं. "तुम्हाला त्सुनामी आठवते?"

"नाताळचा दुसरा दिवस. दोन हजार चार. आपण दूरदर्शनवर बघितलं, नागपट्टणम, वेळांकणी. तिथे गेलेली किती माणसं परत आली नाहीत."

"ती लाट उठली आचेच्या समोर. तिथे सर्वांत आधी आणि सर्वांत मोठी. इंडोनेशियात दीड लाखाहून जास्त माणसं गेली, बहुतेक एकट्या आचेत. गावंच्या गावं धुतली गेली. बांध गेले, झाडं गेली, घरं गेली, कागद गेले. माझी हद्द कुठली आणि तुझी कुठली, सांगायला खूणच उरली नाही."

मावशींचा हात आपोआप वईवर गेला.

"मग केलं काय त्यांनी?"

"वाचलेली माणसं एकत्र बसली. गावच्या म्हाताऱ्यांनी, बायांनी आठवून आठवून सांगितलं. इथे विहीर, इथून चार पावलांवर फणस, तिथे अमकीचं खाचर. शेजाऱ्याने मान्य केलं की हद्द ठरली. दोघांच्या सह्या. पुढच्या वर्षी सरकारने त्यावरून मोजणी करून मालकीची पत्रं द्यायला सुरुवात केली."

"बरं झालं."

"बरंही झालं, वाईटही. कारण पत्रावर नाव कुणाचं घालायचं, असं साहेबाने विचारलं की उत्तर यायचं, घरातल्या कर्त्याचं. कर्ता म्हणजे पुरुष. शंभर वर्षं ज्या घराची मालकीण बाई आहे हे अख्ख्या गावाला ठाऊक, त्या घराच्या कागदावर नवऱ्याचं नाव चढायला लागलं. मग आरडाओरडा झाला, नवरा-बायको दोघांची नावं घालायची सोय आली. पण तोवर बरीच पत्रं छापून झाली होती."

मावशी बराच वेळ गप्प. विहिरीवरची मोटर चालू होती, तिचा आवाज तेवढा.

"म्हणजे त्यांच्याकडे रीत बाईच्या बाजूने होती आणि कागद आला तो पुरुषाच्या," त्या सावकाश म्हणाल्या. "आणि आपल्याकडे?"

"आपल्याकडे उलट. कागद केव्हाचा आलाय. रीतच येऊ देत नाही."

हे मी उगाच नाही म्हटलं. मावशी ख्रिस्ती. त्यांना लागू 1925 चा भारतीय वारसा कायदा. शंभर वर्षांचा म्हातारा कायदा, पण मुलगा आणि मुलगी यांत तो फरकच करत नाही. मृत्युपत्र न करता माणूस गेला, तर बायकोला एक तृतीयांश आणि उरलेले दोन तृतीयांश मुलांमध्ये सारखे. केरळात ख्रिस्ती मुलींना हा न्याय मिळायला मेरी रॉय यांना सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं, 1986 पर्यंत. इथे वसईत तो आयता होता. पण वापरला किती जणींनी?

"म्हणजे चिंचेखालच्या चारही पोरींचा भावाइतकाच वाटा?" मावशींनी विचारलं.

"दमडीने कमी नाही."

"मग पोर्तुगिजांचा असणार तो कायदा."

मावशी वसईतलं जे जे चांगलं ते पोर्तुगिजांच्या खात्यावर जमा करतात. पण पोर्तुगीज इथून 1739 सालीच गेले, चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला तेव्हा. जाताना आडनावं, देवळं आणि पाव ठेवून गेले, कायदा नाही. गोव्यात ते राहिले म्हणून तिथे 1867 चा त्यांचा नागरी कायदा आला आणि तिथे लग्न लागलं की वेगळा करार नसल्यास नवरा-बायकोची मालमत्ता दोघांची निम्मी निम्मी. मुलीला वाऱ्यावर सोडून सगळं मुलाला लिहून द्यायची तिथे सोय नाही. आपल्याकडे आडनाव पोर्तुगिजांचं, सातबारा ब्रिटिशांच्या वळणाचा आणि रीत आळीची.

"तुमच्या हिंदूंत तर मुलीला काही नव्हतंच," मावशींनी टोला हाणला.

"नव्हतं कसं? 1956 पासून बापाच्या स्वतःच्या मिळकतीत होतं. वडिलोपार्जितमध्ये महाराष्ट्राने 22 जून 1994 पासून मुलींना मुलाबरोबर बसवलं, पण तोवर लग्न झालेल्यांना वगळलं. मग 9 सप्टेंबर 2005 ला केंद्राचा कायदा आला, त्यात लग्न झालेली, न झालेली सगळ्या. आणि 11 ऑगस्ट 2020 ला सर्वोच्च न्यायालयाने स्पष्टच सांगितलं, हक्क जन्माने आहे, बाप 2005 साली जिवंत होता की नव्हता हे बघायचं नाही."

"तुला तारखा सगळ्या पाठ," मावशी म्हणाल्या. "मग तुझ्या माहेरचा वाटा कुठाय?"

वईच्या फटीतून असे प्रश्न नेमके येतात.

माझे वडील 2003 साली गेले. मी 2004 च्या मे महिन्यात सही केली. कायदा मला तेव्हाही येत होता. भावाने फाइल पुढे केली नव्हती, आईने केली होती. म्हणाली, "तुला काय कमी आहे? आणि पुढे गणपतीला यायचंय ना?" कुणी धाक घातला नाही, कुणी फसवलं नाही. माहेरचा उंबरा बंद होईल या एका भीतीपोटी मी दीड एकर सोडली. गणपतीला आजही जाते. भाऊ चांगला आहे, वहिनी मोदक बांधून देते. मोदक फार महाग पडतात एवढंच.

मावशी हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मला नारळी रंगाची साडी दिली होती. शहात्तर साली. अजून पेटीत आहे. नेसले नाही कधी. जरीला हात लावला की वाटायचं, केळीचा एक वाफा तुटतोय."

मग बोलणं जमिनीवर आलं, म्हणजे खऱ्याखुऱ्या मातीवर. मावशींचे सासरे कूळ होते. 1 एप्रिल 1957, कृषक दिन. कूळकायद्याने त्या दिवशी राज्यातली हजारो कुळं मालक झाली. पुढे बत्तीस-ग ची किंमत हप्त्याने भरली आणि बत्तीस-म चं सर्टिफिकेट आलं, ते अजून फ्रेम करून देवाच्या बाजूला आहे. 'कसेल त्याची जमीन' अशी घोषणा होती.

"कसेल त्याची," मी म्हटलं. "त्याची. कुणी 'तिची' म्हटलं का?"

"सासूबाईच कसायच्या," मावशी म्हणाल्या. "सासरे बँडात क्लॅरिनेट वाजवायचे."

कसायच्या म्हणजे काय ते वसईबाहेरच्या माणसाला सांगावं लागेल. तेव्हा विहिरीवर रहाट. पाटाने पाणी फिरवायचं. पानवेलीचा मळा असेल तर वेल आठवड्या-पंधरवड्याला बांधायला लागायचा, उन्हाळ्यात सावली धरायला लागायची. विड्याची पानं मोजून, करंड्या भरून गाडीला लावायची. केळीच्या लोंगराला टेकू. राजेळी सोलून, उन्हात सुकवून सुकेळी करायची. पहाटे तीनला उठून फुलं खुडायची. वाडीच्या खालच्या अंगाला बावखल, पावसाचं गोडं पाणी धरून ठेवणारं तळं. त्याचा गाळ काढायचा. समुद्र हाकेवर असूनही वसईच्या विहिरी गोड्या राहिल्या त्या या बावखलांमुळे. आता बरीच बावखलं बुजवून त्यांवर इमारती झाल्या आणि त्या इमारतींना पाणी टँकरने येतं. ऐंशीच्या दशकाअखेर हरित वसईचं आंदोलन उभं राहिलं, फादर फ्रान्सिस दिब्रिटोंबरोबर बाया रस्त्यावर आल्या. त्या मोर्चात मावशी होत्या. हातात फलक होता, 'आमची वाडी वाचवा'.

"आमची म्हटलं तेव्हा कुणी सातबारा विचारला नाही," त्या म्हणाल्या.

जमीन 'तिची' का नाही, हे आपल्या महाराष्ट्राने विचारलं नाही असंही नाही. 1986 च्या नोव्हेंबरात नाशिक जिल्ह्यात चांदवडला शेतकरी बायांचा प्रचंड मेळावा भरला. त्यानंतर तीन-चार वर्षांत शरद जोशींनी लक्ष्मीमुक्ती मांडली: शेतकऱ्याने आपण होऊन बायकोच्या नावे जमीन करायची, उपकार म्हणून नव्हे, कर्जफेड म्हणून. जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरच्या गावकऱ्यांनी ते करून दाखवलं. पण विटनेर वसईपासून फार लांब आहे. आचेपेक्षाही लांब असावं, कारण त्याची बातमी आमच्या वईपर्यंत कधी आली नाही.

एवढं सगळं बोलून झाल्यावर मावशींनी ब्लाउजमधून घडी केलेला कागद काढला. आता कळलं, सकाळपासून चिंचेखालच्या घरी काय शिजलं ते का चाललं होतं.

"पुतण्या देऊन गेला. म्हणे, काकू, साधी फॉर्मॅलिटी आहे. बिल्डर आलाय, सगळ्यांचं एकदम करायचंय. तुमचं नाव सातबाऱ्यावर नाहीच, तेव्हा सही नुसती नावाला."

मी कागद वाचला. हक्कसोडपत्र. मावशींचा, कॅनडातल्या मुलाचा आणि मुलीचा मिळून सगळा हिस्सा दिरांच्या लाभात. मोबदला 'प्रेमापोटी'.

"मावशी, नाव नाही तर हक्क कसला सोडायचा? कुणी आपल्याला नसलेली वस्तू सोडायला सांगतं का? सही मागतात, याचाच अर्थ हक्क आहे."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी वईवरच्या पानावर नखाने हिशोब मांडला. सत्तावीस गुंठे, तीन भाऊ. नवऱ्याचे नऊ. त्यातला एक तृतीयांश तुमचा, तीन. उरलेले सहा दोन मुलांना, तीन मुलाला, तीन मुलीला. तीन, तीन, तीन. गुंठ्याला आज पापडीत काय भाव आहे ते मी सांगायला नको, रिक्षावाल्यालाही पाठ आहे.

"मुलीलाही तीन?"

"मुलीलाही तीन. रोज पहाटे येऊन मोगरा कोण खुडतं?"

मावशी खाली बसल्या, पाटाच्या कडेला. मला वाटलं, आनंद झाला असेल. पण त्यांनी दुसरंच काढलं.

"आणि माझ्या नणंदा?"

"त्यांचं काय?"

"सत्तावीसमध्ये त्याही होत्या. दोघी. सत्त्याऐंशी साली सासरे गेले, तेव्हा दोघींना बोलावलं. रविवार होता. त्यांनी सह्या केल्या." त्या थांबल्या. "बदक मी कापलं होतं, बाय. साड्या मीच आणल्या, वसईच्या बाजारातून. एकीने विचारलंन, वहिनी, वाचू का? मी म्हटलं, वाचायचंय काय त्यात, जेवण निवतंय."

यावर वईच्या या बाजूने बोलण्यासारखं काहीच नव्हतं. चिंचेखालची गोष्ट सांगताना त्या एवढ्या का हसल्या, ते मला तेव्हा समजलं. आमच्या आळीत हक्कसोडीचा कागद पुरुष आणतात. पण ताट बायाच वाढतात. कधी बहीण म्हणून फुलीसमोर सही करायची, कधी भावजय म्हणून फुली दाखवायची. एकच बाई आयुष्यात दोन्ही कामं करते आणि दोन्ही वेळा वाडी तिच्या हातून जाते.

"त्या सह्या आता मोडत नाहीत," मी म्हटलं. "रजिस्टर झाल्यात. पण या कागदावर सही नाही केली, तर पुढचं तरी थांबेल."

"आणि दीर बोलायचे बंद झाले तर?"

"मावशी, आजवर बोलत होते तेव्हा काय दिलं?"

त्या उठल्या. कागदाची घडी परत ब्लाउजात घातली. म्हणाल्या, "चष्मा सापडत नाही म्हणते." आणि आत गेल्या. त्यांनाही चष्मा नाही.

पुढचं फार नाट्यमय नाही, कारण सरकारी काम आहे. वारस नोंदीचा अर्ज तीन महिन्यांत द्यायचा असतो, मावशींना चार वर्षं झाली होती. उशीर झाला तरी नोंद होते. मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, आधार, अर्ज. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, हे मावशींना सांगितलं, त्यांनी ऐकलं आणि तलाठीच म्हटलं. कॅनडातल्या मुलाने फोनवर दोन दिवस कुरकुर केली, मग म्हणाला, "आई, तुझं नाव नाही हे मला माहीतच नव्हतं." त्याचं खरं असावं. मुलग्यांना ते बघावं लागत नाही. फेरफार धरला गेला, नोटिसा निघाल्या, हरकतीसाठी पंधरा दिवसांची मुदत लागली. पुतण्या एकदा वईपर्यंत येऊन गेला, मला बघून परत फिरला. हरकत कुणी घेतली नाही.

वाचणाऱ्या बायांना एकच सांगते. सातबारा ऑनलाइन दिसतो, बघायला पैसे पडत नाहीत. आज रात्री जेवणं झाली की माहेरचा एक आणि सासरचा एक, दोन्ही उघडा. स्वतःचं नाव शोधा, आणि नणंदेचंही शोधा.

नोंद मंजूर झाली. मावशींचा नवरा कंसात गेला. खाली तीन नावं चढली, त्यात पहिलं मावशींचं. पुढच्या रविवारी त्यांनी बदक कापलं आणि हयात असलेल्या एका नणंदेला जेवायला बोलावलं. नणंद आली. बसायच्या आधी तिने टेबलावरचं मेणकापड उचलून खाली बघितलं. खाली काही नव्हतं.